इगतपुरीला गाडी जरा जास्तच थांबते

कसाऱ्याला गाडी उभी राहिली, मागून बारीकसा धक्का बसला आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं हो?”

“काही नाही, बँकर लागला.”

त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायचा मला उत्साह नव्हता. एरवी असता. माझे वडील, अण्णा, नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं या बँकरवर ड्रायव्हर होते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट चौदा-पंधरा किलोमीटरचा. एवढ्यात गाडीला सुमारे तीनशे मीटर वर चढायचं असतं. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ. आगगाडीच्या हिशेबात ही भिंतच. पुढच्या इंजिनाला एकट्याने ते झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून दोन-तीन इंजिनं जोडतात, तेच बँकर. ती गाडीला ढकलत वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. १८६५ साली घाट रेल्वेला खुला झाला तेव्हापासून हा चढ काही कमी झालेला नाही. अण्णांनी नागपूर, हावडा, वाराणसी अशा गाड्या ढकलल्या आणि स्वतः मात्र कामानिमित्त इगतपुरीच्या पुढे गेले नाहीत.

अण्णा फेब्रुवारीत गेले. जुलैत मी इगतपुरीला निघाले होते, धम्मगिरी या विपश्यना केंद्रातल्या दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला.

जायचं कारण मोठं नव्हतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझ्या आधी शिरलेल्या एका कुरिअरच्या पोराला मी काहीतरी बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. त्याने उलट उत्तर दिलं नाही, फक्त हेल्मेटची काच खाली ओढली. लिफ्टच्या आत. पाऊस आल्यावर ओढतात तशी. सातव्या मजल्यापर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. त्या रात्री मी अर्ज भरला.

त्याआधीचं वर्ष थोडक्यात सांगते. अण्णांचं चौदा महिन्यांचं डायलिसिस, मी ठाण्याहून आणि दादा नाशकातून आलटून पालटून. मग ते गेल्यावर फ्लॅट कोणाच्या नावावर, हॉस्पिटलचं बिल कोणी किती भरलं, हे सगळं. भांडण कागदावर फ्लॅटचं होतं, पण पेटलं लाइन बॉक्सवरून. लाइन बॉक्स म्हणजे ड्रायव्हर ड्युटीवर न्यायचे ती पत्र्याची पेटी. टॉर्च, झेंडे, नियमांचं पुस्तक, डबा, टॉवेल असं सगळं तिच्यात. अण्णांच्या पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आहे. दादाने ती न विचारता स्वतःच्या घरी नेली. त्यावर मी त्याला एक मेसेज लिहिला. मोबाइलवर तीनदा अंगठा वर सरकवला की संपेल एवढा. तो पाठवला नव्हता. जपून ठेवला होता.

शून्य दिवस

शिबिराचा पहिला दिवस मोजायच्या आधी एक दिवस असतो. दुपारी पोचायचं, नावनोंदणी करायची, संध्याकाळी हलकं खायचं आणि मग मौन.

स्टेशनवरून बाहेर पडले तर पाऊस असा की समोरची रिक्षा आहे की म्हैस ते कळेना. इगतपुरीचा जुलै. आमचं लहानपण इथल्या रेल्वे कॉलनीत गेलं. चार महिने कपडे वाळायचे नाहीत, आणि आई युनिफॉर्मवर इस्त्री फिरवून तो कोरडा करायची. धम्मगिरीत शिबिरं सुरू झाली १९७६ साली. मी जन्मले त्याच्या दोन वर्षांनंतर. तो बर्मी पद्धतीचा सोनेरी पॅगोडा लांबून रोज दिसायचा. बंद गळ्याचे कपडे घातलेले परदेशी लोक पाठीवर पिशव्या घेऊन त्या रस्त्याने जाताना बघायचो. आत जावं असं कॉलनीतल्या कोणालाही वाटलं नाही. अण्णा म्हणायचे, “न बोलता आठ तास मी रोजच बसतो, वर पगारही मिळतो.”

फोन, पुस्तकं, पेन, वही सगळं जमा केलं. म्हणजे तिथे लिहायलाही बंदी. ही दिवसवार नोंद घरी आल्यावर आठवून केलेली आहे, तेव्हा मंगळवारचं बुधवारी झालं असेल तर सोडून द्या.

अर्जाबद्दल एक मुद्दाम सांगते. त्यात शारीरिक आणि मानसिक आजार, चालू असलेली औषधं असं सगळं विचारतात. ते खरंखरं लिहावं. ‘मन थाऱ्यावर नाही ना, मग जा विपश्यनेला’ असं हल्ली कोणीही कोणालाही सुचवतं. दिवसाला दहा तासांच्या वर डोळे मिटून बसणं हे प्रत्येक मनाला, प्रत्येक वेळी सोसेल असं नाही. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, लाजू नये.

पैसे घेत नाहीत. राहणं-खाणं सगळं आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून. शिबिर पूर्ण केल्यावर तुम्हाला द्यावंसं वाटलं तर द्या, आधी देऊ म्हटलं तरी घेत नाहीत. माझा जन्म अकाउंट्समध्ये गेला, पण असं खातं पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी पाच शीलं घेतली. हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं बोलायचं नाही, नशा नाही. मला वाटलं, खोट्याचं सोपं आहे, बोलायचंच नाही तर खोटं कुठून बोलणार?

पहिला दिवस

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बसायचं. मग नाश्ता. आठला पुन्हा, आणि असं करत करत रात्री नऊपर्यंत. मध्ये अकराला जेवण, पाचला नव्यांना चहा आणि थोडं काहीतरी. जुन्या साधकांना तेही नाही, नुसतं लिंबूपाणी.

सुरुवातीला करायचं ते ‘आनापान’. नाकाच्या दाराशी श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. लांब करायचा नाही, रोखायचा नाही. कुठलं नाम नाही, मूर्ती नाही, मोजणंही नाही. ऐकायला इतकं सोपं की थोडा अपमानच वाटला.

पहिल्या दोन तासांत दादाच्या मेसेजची दुरुस्त आवृत्ती तयार झाली. दुपारपर्यंत तिसरी. तिसरीत मी ‘तू नेहमीच’ हे शब्द काढून ‘तू प्रत्येक वेळी’ असे घातले, ते जास्त बोचतील म्हणून. पेन नाही, कागद नाही, तरी स्वल्पविरामासकट पाठ. श्वास असेल तिथेच असावा, मी तिकडे फिरकले नाही.

रात्री सातला प्रवचन. ही शिबिरं सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचं, रेकॉर्ड केलेलं. ते २०१३ साली गेले. १९२४ साली मंडालेत जन्मलेला हा मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने असा हैराण की मॉर्फिनपर्यंत वेळ आली होती. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल! हे ऐकून मी पहिल्यांदा सरळ बसले. सरकारी जमाखर्च सांभाळून ध्यान शिकवणारा माणूस म्हणजे आपल्यातलाच झाला की. डोकेदुखी घालवायला आलोय असं गोएंकांनी सांगितल्यावर त्यांनी आधी शिकवायला नकारच दिला होता. असल्या किरकोळ कामासाठी ही विद्या नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी तर राग घालवायला आले होते. आता परत पाठवतात की काय, असं वाटून गेलं.

दुसरा आणि तिसरा दिवस

दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. आता बघायची जागा आणखी लहान केली. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, जेमतेम बोटभर. तिथे काय जाणवतं ते बघा. काहीच जाणवत नव्हतं. मग खाज. मग इतकी खाज की जगात दुसरं काही नाही.

माझ्या डावीकडच्या बाई खोकायच्या. खोकल्याला एक पद्धत होती. दोन छोटे, एक लांब, मग घसा खाकरणं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बाईंच्या घरच्यांपर्यंत पोचले होते. नवरा औषध आणून देत नाही का, वगैरे.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित बरी वाटली. इथलं मौन नुसतं तोंडाचं नसतं. खुणा करायच्या नाहीत, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नाही. अण्णा गेल्यापासून मी सारखी चेहरा लावून फिरत होते. भेटायला आलेल्यांसाठी एक, ऑफिससाठी एक, बँकेत मृत्यूचा दाखला देताना एक. ‘सावरलीस ना?’ या प्रश्नाला तयार ठेवलेला तर खास वेगळा. इथे शंभरेक बायका होत्या आणि एकीलाही माझा चेहरा नको होता. ताटं घासायच्या नळापाशी उभं राहून मी चक्क तोंड वेडंवाकडं करून बघितलं. कोणी बघितलं नाही.

रात्री पडल्यावर शिट्ट्या ऐकू यायच्या. घाटातून गाडी वर आली की पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं उत्तर देतं. लहानपणी आम्ही पांघरुणातून सांगायचो, आता सुटले बँकर. दादाचं उत्तर बरोबर यायचं, माझं चुकायचं.

चौथा दिवस

दुपारी खरी विपश्यना सुरू झाली. आता डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत जायचं आणि तिथे जी संवेदना असेल ती नुसती बघायची. ऊब, गारवा, दुखणं, मुंग्या, घाम, कपड्याचा स्पर्श, काहीही. चांगली वाटली तर धरून ठेवायची नाही, वाईट वाटली तर ढकलायची नाही. पाली भाषेत तिला वेदना म्हणतात. आपण मराठीत वेदना म्हणजे फक्त दुखणं समजतो. तिथे सुखद वेदनाही असते. माझ्या बाबतीत त्या दिवशी मराठी अर्थच खरा ठरला.

कारण आता अधिष्ठान. दिवसातून तीन वेळा, एकेक तास, डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत.

पंधराव्या मिनिटाला उजवा गुडघा बोलायला लागला. आधी वाटीच्या आतल्या बाजूला एक ठिणगी. मग ती वाटीभोवती फिरली. मग सबंध गुडघा एखाद्या पकडीत धरून कोणी हळूहळू आवळतंय असं. चाळिसाव्या मिनिटाला माझी खात्री पटली की हा पाय आता कामातून गेला, ऑपरेशन लागणार, आणि ऑपरेशनच्या वेळी दादा येणार नाही. बघा, गुडघ्यातून दादापर्यंत! मी पाय हलवला. थोड्या वेळाने पुन्हा हलवला. शेवटची काही मिनिटं नाही हलवला, पण त्यात साधना काही नव्हती, शुद्ध हट्ट होता. तास संपल्याचं ते शेवटचं पठण सुरू झालं तेव्हा मला गोएंकांचा आवाज जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

उठून चार पावलं चालले. गुडघा ठणठणीत. कुठे गेलं दुखणं? याचा रागच आला.

पाचवा दिवस

सकाळी आठच्या बैठकीत, कवटीवरून लक्ष खाली आणत असताना, पेटीचा विचार आला. मी आणला नव्हता, आपला आला. आणि माझे कान तापले.

हे नीट सांगायला हवं. दोन्ही कानांच्या पाळ्या, वरून खाली नाही, खालून वर, गरम होत गेल्या. मग जबड्याच्या सांध्याशी घट्ट झालं. मग छातीच्या मध्यावर एक गोळा. आणि मग, सगळ्यात शेवटी, वाक्य आलं. ‘तू प्रत्येक वेळी’. वाक्य शेवटी आलं! मी आयुष्यभर समजत होते की दादा काहीतरी बोलतो, त्याचा अर्थ मला लागतो, म्हणून मला राग येतो. इथे दादा तीस किलोमीटरच्या आत कुठे नव्हता. कोणी काही बोललेलं नव्हतं. कान आधी तापले होते, कारण नंतर शोधलं गेलं.

दुपारी मुद्दाम पुन्हा पेटी आठवून बघितली. असं करायचं नसतं, पण केलं. पुन्हा तेच. कान, जबडा, छाती, वाक्य. कानापासून वाक्यापर्यंत मध्ये थोडी जागा होती. किती? शिंक येणार येणार म्हणतो तेवढी. त्या जागेत मी कधी थांबलेच नव्हते, कारण ती आहे हेच माहीत नव्हतं.

बँकरच्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. सिग्नल दिसत नाही, वळण दिसत नाही, समोर फक्त शेवटच्या डब्याची पाठ. तो पुढच्या शिट्टीवर चालतो. अण्णांचा एक मदतनीस होता, त्याला घाई फार. शिट्टी यायच्या आधीच त्याचा हात पुढे. अण्णा त्याच्या हातावर चापट मारायचे, असं ते स्वतःच हसत सांगायचे. तो हात मला त्या दुपारी आठवला.

दुपारी बाराला आचार्यांना भेटून प्रश्न विचारता येतात. मी विचारलं, “वडील जाऊन पाच महिने झाले, मला रडू येत नाही. काही बिघडलंय का?” आचार्या माझ्याएवढ्याच वयाच्या असाव्यात. म्हणाल्या, “येत नाही तर येत नाही. त्याच्या मागे लागू नका. संवेदना बघा.” मला जरा मोठं उत्तर अपेक्षित होतं. बाहेर येऊन चप्पल शोधली.

सहावा दिवस

दुसरा आणि सहावा दिवस अवघड असतात म्हणे. दुसरा मला खाजेने कळला नाही. सहावा कळला.

कान तापायचे, मी बघायचे, थोड्या वेळाने ते निवायचे. इथपर्यंत जमायला लागलं होतं. त्या दिवशी ते निवले आणि त्यांच्याखाली दुसरंच काहीतरी निघालं. पोटात, बेंबीच्या वर, गार. बर्फाचा खडा गिळल्यासारखं. ते हलेना. आणि त्याच्याबरोबर हॉस्पिटलचा कॉरिडॉर आला, रात्री पावणेदोनचा, आणि डॉक्टरांच्या हातातला कागद.

अण्णांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं नाही, ही सही माझी आहे. अण्णांनी आधी सांगून ठेवलं होतं, मला एकटीला, एका डायलिसिसच्या दिवशी. “मशीन लावून घाट चढवू नका मला.” दादा त्या रात्री नाशिकहून निघाला होता आणि पोचायला दीड तास होता. डॉक्टर म्हणाले, आत्ता ठरवा. मी ठरवलं. दादा आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने मला आजपर्यंत त्याबद्दल काही विचारलेलं नाही. एकदाही नाही. आणि त्याने विचारू नये म्हणून मी पाच महिने फ्लॅट, बिल, पेटी, काय मिळेल ते त्याच्या अंगावर फेकत होते.

हे काही दिव्यज्ञान वगैरे नव्हतं. उशीखाली हरवलेला चष्मा सापडावा तसं होतं, होता तिथेच.

दुपारी खोलीत येऊन मी बॅग भरली. खरंच भरली. चप्पल घातली. पळून न जाण्याची कारणं दोन. एक, पाऊस. दोन, गेटबाहेरच्या रिक्षावाल्यांत कोणी ना कोणी अण्णांना ओळखणारा निघालाच असता, आणि ‘ड्रायव्हरसाहेबांची मुलगी सहाव्या दिवशी पळाली’ हे संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं असतं. बॅग उघडली आणि अडीचच्या बैठकीला गेले. तासभर पोटातला खडा बघत बसले. तो वितळला वगैरे नाही. शेवटी शेवटी त्याच्या कडा तेवढ्या जाणवायला लागल्या, म्हणजे तो सगळ्या पोटाएवढा नव्हता.

रडू रात्री आलं. चटईवर पालथी पडून, टॉवेल तोंडात धरून. मौन मोडू नये म्हणून.

सातवा, आठवा, नववा

या तीन दिवसांचं सांगण्यासारखं थोडं आहे. पॅगोड्यातली कोठडी मिळाली. शून्यागार म्हणतात तिला. एक माणूस बसेल एवढी, अंधारी. तिथे मी दोनदा साधना केली आणि एकदा गाढ झोपले.

शिकवण्यातलं सगळं मला पटलं असं नाही. जुने संस्कार शरीरावर संवेदना होऊन वर येतात आणि आपण समतेने बघितलं की नाहीसे होतात, हे मी कुठल्या खात्यावर टाकू ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पुरावा नसलेलं व्हाउचर आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तसं टाकून दिलं आहे. पण एका प्रवचनात रेघांची उपमा आली, ती मात्र चिकटली. दगडावरची रेघ, वाळूवरची रेघ, पाण्यावरची रेघ. पुढे शोधल्यावर कळलं की मुळात ती अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथातली आहे, आणि तिथे ती थेट रागावलेल्या माणसांबद्दलच आहे. काहींचा राग दगडावर कोरल्यासारखा, काहींचा जमिनीवर ओढल्यासारखा, काहींचा पाण्यावर. माझा मेसेज मी मोबाइलवर जपून ठेवला होता. म्हणजे कुठली रेघ ते सांगायला नको.

समता हा शब्द आपण भाषणांत इतका ऐकतो की त्याचं वजन गेलंय. तिथे त्याचा अर्थ थंड पडणं असा नाही. कान तापायचे ते तापतातच. नवव्या दिवशीही तापले. जेवणात मीठ कमी होतं एवढ्यावरून तापले.

दहावा दिवस

सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, शिकवली आणि दहाच्या सुमाराला मौन सुटलं. शंभर बायका एकदम बोलायला लागल्यावर जो आवाज होतो तो सांगून कळणार नाही. मला तर दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं.

खोकणाऱ्या बाई जळगावच्या निघाल्या. शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मी म्हटलं, “तुमच्या खोकल्याची फार काळजी वाटायची.” (शील!) त्या म्हणाल्या, “आणि तुमचे उसासे हो! दर पाच मिनिटांनी एक. मला तर वाटायचं, हिला उचलून बाहेर ठेवावं.” आम्ही इतक्या हसलो की धम्मसेविका बघायला आली.

अकरावा दिवस

सकाळी खोली झाडली, पुसली, दान दिलं, साडेसातनंतर बाहेर. फोन हातात आला. चालू केला आणि दोन मिनिटं तो नुसता थरथरत होता.

इगतपुरी स्टेशनच्या बाकावर बसून मेसेज वाचला. सगळा. व्याकरण निर्दोष होतं. एक-दोन वाक्यं तर चांगलीच जमली होती, ती पुसताना जीवावर आलं. पण पुसला.

मग दादाला फोन लावला.

“अगं कुठे आहेस? दहा दिवस फोन बंद.”

“सांगितलं होतं ना.”

“वहिनीला सांगितलं होतंस. मला नाही.”

हे खरं होतं.

“बरं ऐक,” तो म्हणाला, “त्या पेटीला खालून गंज धरलाय. मी रंगवायला टाकलीय.”

कान. खालून वर. जबडा. दहा दिवसांची कमाई, साडेतीन मिनिटांत. छातीत गोळा आला आणि त्याच्यामागे ‘तू प्रत्येक वेळी’ उभं असलेलं मला स्पष्ट दिसलं.

“दादा, गाडी आली. करते पुन्हा.”

गाडी आली नव्हती. यायला पंचवीस मिनिटं होती. दहा दिवस सांभाळलेलं शील सकाळी एक आणि काल एक, असं दोन हप्त्यांत मोडलं. समोरच्या लायनीत कसाऱ्याकडून एक मालगाडी वर आली. मागचे बँकर सुटले. एका इंजिनाच्या खिडकीत एक तरुण ड्रायव्हर डबा उघडून खात होता. पोळीचा घास तोंडात, आणि दुसऱ्या हाताने रुमालाने काच पुसत होता. त्याचं पुसून होईपर्यंत मी बघत बसले. मग पुन्हा फोन लावला.

“नाव पण रंगवणार का रे?”

“वेडी का काय तू,” दादा म्हणाला. “नावाच्या बाजूबाजूनं रंग मारायला सांगितलाय. त्यासाठी त्याने शंभर जास्त घेतले.”

मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. त्याच्याकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

“रविवारी येऊ का?” मी विचारलं. “एक सांगायचंय. त्या रात्रीचं.”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “ये. जेवायलाच ये.”

गाडी आली. ठाण्याच्या बाजूने खिडकी मिळाली. गाडी सुटेना. पाच मिनिटं झाली, सात झाली. समोरचे गृहस्थ घड्याळ बघायला लागले. “इथे एवढी का थांबवतात हो?”

“ब्रेक तपासतात,” मी म्हटलं. “घाट उतरायचाय ना. चढताना मागून ढकलायला इंजिन लागतं, पण उतरताना धोका जास्त. म्हणून आधी इथे सगळ्या डब्यांचे ब्रेक नीट लागतात का ते बघतात, मगच सोडतात. माझे वडील इथेच होते, बँकरवर.”

“असं होय,” ते म्हणाले आणि मोबाइल काढला.

पुढे शिट्टी झाली. मी कान देऊन ऐकत बसले.